प्रवास-शंका: सीटचं तिकीट आणि शिक्क्याचं तिकीट

उन्हाळ्याच्या सुट्टीत इटलीला निघालेल्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातले रेल्वेचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. भाडी आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर एकदा पडताळून घ्या.

आम्ही चौघं मे महिन्यात रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान असे ११ दिवस फिरणार आहोत. सगळी तिकिटं इथूनच काढावीत की तिथे गेल्यावर? युरोपातल्या रेल्वेसाठीचा युरेल पास स्वस्त पडेल असं एजंट म्हणतो. ते खरं का?
— नाशिक

इटलीत रेल्वे तिकिटाच्या दोन जाती आहेत आणि दोघींचे नियम एकमेकींच्या उलट आहेत. लोकांचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा एकीचा नियम दुसरीला लावल्यामुळे.

पहिली जात सीटच्या तिकिटाची. सरकारी रेल्वे कंपनी ट्रेनइटालियाच्या वेगवान फ्रेच्चारोस्सा, २०१२ पासून त्याच रुळांवर धावणाऱ्या खासगी इतालो, आणि जरा संथ अशा इंटरसिटी या गाड्या त्यात येतात. तिकिटावर गाडी, डबा, सीट सगळं ठरलेलं असतं. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. सीट असेल तर तिकीट, नसेल तर पुढची गाडी बघायची. भाडं विमानासारखं चढत जातं, म्हणून ही तिकिटं इथूनच आणि शक्यतो दोन-तीन महिने आधी काढावीत. तत्काळसारखा वेगळा कोटा नसतो. आदल्या दिवशी तेच तिकीट दुप्पट-तिप्पट दराला मिळतं, एवढंच.

दुसरी जात रेजोनाले, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्यांची. भाडं अंतरावर ठरतं, सीट नंबर नसतो, गाडी कितीही भरली तरी तिकीट मिळतं. दोन महिने आधी आणि गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी भाव तोच. ही तिकिटं इथून काढून ठेवण्यात काहीच फायदा नाही.

तुमचे तिन्ही टप्पे पहिल्या जातीचे आहेत. रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास, व्हेनिस ते मिलान अडीच तासांच्या आत. विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर रोमला उतरून मिलानहून परतीचं घ्या. रोमलाच परत आलात तर मिलान ते रोम हे तीन-सव्वातीन तास आणि चौघांचं भाडं अंगावर पडतं.

आता भाड्याचा प्रकार. ट्रेनइटालियात एकाच सीटला तीन भाव दिसतात: सुपर इकॉनॉमी, इकॉनॉमी आणि बेस. सुपर इकॉनॉमी सर्वांत स्वस्त, पण ते बदलता येत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. इकॉनॉमीत गाडी सुटण्याआधी फरक भरून वेळ बदलता येते. बेस महाग, पण गाडी सुटेपर्यंत हवं तितक्या वेळा बदला. आमचा सल्ला असा: शहरातून शहरात जायच्या दिवशी, सकाळी नाश्ता करून निघायचं असेल तर सुपर इकॉनॉमी बिनधास्त घ्या. विमानातून उतरून त्याच दिवशी गाडी पकडायची असेल तर मात्र बेस, किंवा दुपारनंतरची गाडी. इमिग्रेशनची रांग आणि पट्ट्यावर न आलेली बॅग यांचा हिशेब कोणालाच करता येत नाही.

पासचं गणित तीन टप्प्यांसाठी जमत नाही. युरेल असला तरी प्रत्येक फ्रेच्चारोस्सात सीटचं आरक्षण सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे, साधारण १३ युरो माणशी. एवढ्यात पुष्कळदा आधी काढलेल्या स्वस्त तिकिटाचं अर्ध्याहून जास्त भाडं निघतं. इटलीबरोबर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाही करणार असाल तर पासचा विचार करा.

आणखी एक. जूनच्या आणि डिसेंबरच्या मध्यावर नवं वेळापत्रक लागतं. त्या तारखेपुढची तिकिटं कधी कधी उशिरा विक्रीला येतात. २० जूनला एकही गाडी दिसत नाही म्हणून घाबरून बसची तिकिटं काढू नका, आठवड्याभराने पुन्हा बघा.

साइटवर 'फ्लॉरेन्स' टाइप केलं तर भलतंच काही येतं. व्हेनिसची तर दोन स्टेशनं दिसतात. त्यात माझं कार्डही घेत नाही.
— कोल्हापूर

गावाची नावं इटालियनमध्ये टाका: फिरेंझे, वेनेत्सिया, नापोली, मिलानो, रोमा, तोरिनो. तिकिटावर, फलाटावर आणि गाडीतल्या घोषणेतही हीच नावं भेटतील, तेव्हा सवय आत्ताच झालेली बरी.

स्टेशन चुकणं ही इथली सर्वांत महागडी चूक आहे. व्हेनिसला जाताना आधी वेनेत्सिया मेस्त्रे लागतं. ते जमिनीवरचं, कारखान्यांच्या बाजूचं गाव. तिथून गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते आणि दहा-बारा मिनिटांत वेनेत्सिया सांता लुचियाला पोचते. हे शेवटचं स्टेशन. पायऱ्या उतरलात की समोर थेट ग्रँड कॅनॉल. हॉटेल बेटावर असेल तर सांता लुचिया, स्वस्त म्हणून मेस्त्रेत घेतलं असेल तर मेस्त्रे. मेस्त्रेत चुकून उतरलात तर पुढच्या लोकल गाडीचं तिकीट काढून जाता येतं, फार बिघडत नाही.

फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन फिरेंझे सांता मारिया नोवेल्ला, पाट्यांवर बहुधा नुसतं एस. एम. एन. असतं. काही गाड्या तिथे न येता काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबून पुढे जातात. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना अशी दोन मोठी स्टेशनं आहेत. मिलानला चेंत्राले, पोर्ता गारिबाल्दी आणि रोगोरेदो. नेपल्सच्या बाबतीत जास्त जपा. नापोली आफ्रागोला हे वेगवान गाड्यांचं स्टेशन शहराबाहेर आहे. भाडं जरा कमी दिसलं म्हणून ते घेऊ नका. तुम्हाला हवंय ते नापोली चेंत्राले.

कार्डाचं कारण बहुधा तुमच्याच बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू करून दिलं जातं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन हे दोन्ही पर्याय सुरू करा, मर्यादा युरोच्या हिशेबाने वाढवा, मग पुन्हा प्रयत्न करा. रुपे कार्ड घेत नसतील तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरा.

फ्लॉरेन्सहून पिझाला जाताना आमच्याकडे छापील तिकीट होतं, पैसे भरलेले होते, तरी तपासनिसाने दंड घेतला. आमचं काय चुकलं?
— ठाणे

शिक्का मारायचा राहिला.

रेजोनालेच्या छापील तिकिटावर गाडी आणि वेळ पक्की नसते, म्हणून ते वापरलं गेल्याची खूण तुम्हीच करायची असते. फलाटाच्या तोंडाशी, खांबावर किंवा भिंतीला एक छोटं यंत्र असतं, बुटांच्या खोक्याएवढं. त्याच्या फटीत तिकिटाचं टोक सरकवून जरा दाबायचं. खर्र असा आवाज येतो आणि कडेला बारीक अक्षरांत स्टेशन, तारीख, वेळ उमटते. आवाज आला म्हणजे झालं असं समजू नका. तिकीट बाहेर काढून अक्षरं उमटलीत का ते डोळ्यांनी बघा, शाई संपलेली यंत्रंही असतात. शिक्क्यापासून चार तास ते तिकीट चालतं.

यंत्र बंद असेल तर दुसरं शोधा. तेही बंद असेल तर पेनाने तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा आणि गाडीत चढल्यावर तपासनीस यायची वाट न बघता आपणच त्याच्याकडे जा. तो तुमच्याजवळ आल्यावर सांगितलेलं कारण आणि तुम्ही उठून जाऊन सांगितलेलं कारण यांची किंमत तिथे वेगवेगळी धरतात. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, हे तर दिवसातून पन्नास वेळा ऐकलेलं असतं.

ऑनलाइन काढलेल्या रेजोनाले तिकिटाला शिक्का लागत नाही, पण त्याचा जुळा भाऊ आहे: चेक-इन. ॲपमध्ये किंवा ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन गाडीत चढण्याआधी ते करायचं. फलाटावर नेट मिळेल का ही धास्ती असेल तर स्टेशनात शिरण्याआधीच उरका. प्रवासाची तारीख आदल्या दिवशी रात्री १२च्या आत फुकट बदलता येते, ही डिजिटल तिकिटाची चांगली बाजू.

फ्रेच्चारोस्सा, इतालो आणि इंटरसिटीच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, कारण गाडी आणि तारीख त्यावर आधीच आहे. विमानतळावरून रोम तेर्मिनीला येणारी लेओनार्दो एक्सप्रेस दिसायला झोकदार, ३२ मिनिटांत न थांबता पोचवणारी, भाडं १४ युरो. पण तिच्यात सीट नंबर नाही आणि छापील तिकिटाला शिक्का लागतो. दंड खाणारे पुष्कळ जण इथेच, इटलीतल्या पहिल्या तासात सापडतात.

आम्ही ६८ आणि ७२ वयाचे. मुलगा मिलानला शिकतो, पण रोमहून त्याच्याकडे आम्हालाच जायचंय. फलाट कसा ओळखायचा? मोठ्या बॅगांचं काय?
— पुणे

तेर्मिनीवर गाडी सुटायच्या अर्धा तास आधी पोचा, त्याहून लवकर जाऊन फायदा नाही. मोठ्या स्टेशनांवर फलाट क्रमांक बऱ्याचदा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच लागतो आणि तोवर सगळी गर्दी माना वर करून फळ्याखाली उभी असते.

फळा वाचायची पद्धत अशी. 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आर्रीवी' म्हणजे येणाऱ्या. चुकीच्या फळ्यासमोर वीस मिनिटं उभं राहणारे कमी नाहीत. गावाचं नाव शोधू नका, गाडीचा नंबर शोधा. फळ्यावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. तुमची गाडी मिलानला थांबून तोरिनोला जाणारी असेल तर फळ्यावर 'तोरिनो' दिसेल आणि मिलानो शेजारच्या सरकत्या ओळीत क्षणभर येऊन जाईल. तिकिटावर 'त्रेनो' या शब्दापुढे चार आकडी नंबर असतो, तो आदल्या रात्रीच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा. 'बिनारिओ' म्हणजे फलाट. 'रितार्दो' किंवा 'रित.' खाली आकडा असेल तर तितकी मिनिटं उशीर. 'कारोत्सा' म्हणजे डबा, 'पोस्तो' म्हणजे सीट.

तेर्मिनी, मिलानो चेंत्राले आणि फ्लॉरेन्सला फलाटाकडे जाताना तिकीट दाखवावं लागतं. सोडायला येणाऱ्याला आत घेतीलच असं नाही, म्हणजे मुलाला चेंत्रालेवर फाटकाबाहेरच थांबायला सांगा. फलाटावर पोचलात की डबा गाडीच्या पुढच्या टोकाला असू शकतो हे लक्षात ठेवून चालत राहा. फ्रेच्चारोस्सा तीनशे मीटरहून लांब असू शकते. दारं सुटायच्या वेळेआधीच बंद होतात, म्हणून उशीर झालाच तर मिळेल त्या दारातून आधी आत चढा आणि मग आतून चालत जा.

हमाल मिळेल हे धरून चालू नका. बॅग स्वतः उचलून दोन-तीन पायऱ्या चढवायच्या असतात. जी बॅग तुमच्यापैकी एकाला एकट्याने कमरेपर्यंत उचलता येत नाही ती जास्त मोठी आहे. डब्याच्या टोकाला मोठ्या बॅगांची मांडणी असते, पाठीला पाठ लावलेल्या सीटच्या मधल्या फटीतही मध्यम बॅग बसते. पासपोर्टची पिशवी अंगावरच. मध्ये स्टेशन आलं की मांडणीकडे नजर टाका.

पायऱ्या चढणं अवघड असेल तर स्टेशनवरच्या 'साला ब्लू' या मदत कक्षाला किमान २४ तास आधी कळवा. चाकाची खुर्ची आणि गाडीत चढवायचं उचलयंत्र ते देतात, पैसे पडत नाहीत. फोनवर इंग्रजी चालतं. हे काम मुलाकडे द्या, त्याला इटालियनही येत असेल.

खिडकीची हौस असेल तर एक सांगून ठेवतो. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा वेगवान मार्ग ७८ किलोमीटरचा आणि त्यातला जवळजवळ सगळा, ७३ किलोमीटर, बोगद्यात आहे. डुलकी त्यात काढा. व्हेनिसला जात असाल तर मेस्त्रे सुटल्यावर जागे राहा, पुलावर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी असतं.

गाडी चुकली तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसू का? आणि रेल्वेलाच उशीर झाला तर?
— सांगली

रेजोनाले असेल तर शिक्क्याची वेळ संपेपर्यंत त्याच मार्गाच्या पुढच्या गाडीत बसा. सीटचं तिकीट असेल तर नाही. ट्रेनइटालियाच्या बेस तिकिटावर गाडी सुटल्यानंतर एका तासापर्यंत बदल करून मिळतो, सुपर इकॉनॉमी मात्र गाडीबरोबर गेलं.

उशीर त्यांचा असेल तर युरोपच्या नियमाने एक तासापासून दोन तासांच्या आतल्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांपासून पुढे ५० टक्के भरपाई मिळते. अर्ज करावा लागतो, आपोआप येत नाही.

यातली खरी मेख जोडगाडीत आहे. रोम ते बोलोन्या इतालोने आणि पुढे रावेन्नाला ट्रेनइटालियाने, अशी दोन कंपन्यांची दोन तिकिटं काढलीत आणि पहिली गाडी उशिरा पोचली, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पूर्ण प्रवास एकाच कंपनीकडून एकाच तिकिटात काढलेला असेल तर पुढच्या गाडीत बसवून देणं ही तिची जबाबदारी. बोलोन्याला आणखी एक गोम आहे: वेगवान गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट खोल जमिनीखाली आहेत. तिथून वरच्या फलाटावर यायला सरकते जिने धरूनही दहा मिनिटं जातात. साइट जोडगाडीसाठी १२ मिनिटं दाखवत असेल तर सोडून द्या, अर्ध्या तासाची घ्या. तेर्मिनीवरही '१ एस्त', '२ एस्त' असे फलाट दिसले तर ते मुख्य रांगेपासून बरेच लांब आहेत हे धरून पाय उचला.

रोममध्येच मुक्काम ठेवून एका दिवसात पॉम्पे करता येईल का?
— फोंडा, गोवा

येईल, लवकर उठायची तयारी हवी. रोम तेर्मिनी ते नापोली चेंत्राले वेगवान गाडीने सव्वा तास. तिथे वर रस्त्यावर न येता खाली 'चिर्कुमवेसुवियाना'च्या पाट्या धरून गारिबाल्दी स्टेशनात उतरा. ही व्हेसुव्हियसला वळसा घालणारी वेगळी, जुनी लोकल आहे. ट्रेनइटालियाचं तिकीट किंवा पास तिला चालत नाही, खिडकीवर वेगळं काढायचं.

गाडी सोरेंतोचीच घ्या आणि 'पॉम्पेई स्काव्ही – विल्ला देई मिस्तेरी' या स्टेशनवर उतरा, ३५ ते ४० मिनिटं लागतात. उत्खननाचं फाटक अगदी समोर आहे. याच लोकलच्या पोज्जोमारीनोच्या फाट्यावर 'पॉम्पेई सांतुआरिओ' नावाचं स्टेशन आहे, ट्रेनइटालियाचं नुसतं 'पॉम्पेई' आणखी तिसरं. दोन्ही आधुनिक गावातली, पायपीट वाढवणारी.

या लोकलला ना एसीची खात्री ना जागेची. मुंबईकरांना ती परकी वाटणार नाही. गाडी गारिबाल्दीच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. नापोली चेंत्रालेहून ते दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तिथून चढलात तर बसायला मिळतं. गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घ्या, खिसे इथेच कापले जातात. परतीची रोमची गाडी रात्री आठनंतरची ठेवा, लोकल कधी येईल यावर भरवसा नको.

इटलीत सारखे संप होतात म्हणे. ऐन प्रवासाच्या दिवशी संप लागला तर?
— इंदूर

शब्द लक्षात ठेवा: 'शोपेरो'. संप अचानक होत नाही, कायद्याने किमान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर हा शब्द आणि तुमच्या तारखा बघा. संपाच्या दिवशीही लांब पल्ल्याच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, त्यांची यादी छापलेली असते, गाडी नंबरासकट. रेजोनालेंना कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ही वेळ राखलेली असते. तुमची गाडी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात, सुपर इकॉनॉमीचेही.

रविवार धरून जाहीर झालेला संप असेल तर ही ६ ते ९ ची हमी नसते. अशा वेळी एक दिवस पुढेमागे सरकणं शहाणपणाचं.

मुलं ३ आणि ९ वर्षांची. भाडं कसं? आणि डबा गाडीत खाऊ देतात का?
— डोंबिवली

ट्रेनइटालियात चार वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेतलं तर तिकीट नाही. नऊ वर्षांच्याला 'बिंबी ग्रातिस' या योजनेत फुकट नेता येतं, पण मग मोठ्यांचं तिकीट बेस दराचं लागतं. त्यामुळे दोन्ही बेरजा मांडून बघा. दोन महिने आधी काढत असाल तर मोठ्यांची सुपर इकॉनॉमी आणि मुलाचं पैसे भरून काढलेलं तिकीट मिळूनही बऱ्याचदा स्वस्त पडतं.

डबा खुशाल खा, सगळेच खातात. ठेपले, पराठे, लाडू चालतील. लोणच्याची बरणी मात्र बंद डब्यात उघडू नका, खिडक्या उघडत नाहीत. फ्रेच्चारोस्साच्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणजे चीज-टोमॅटोचं सँडविच, त्यापुढे फार आशा नको. स्टेशनातल्या किंवा शेजारच्या सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही घेतलं तर अर्ध्या पैशात होतं. स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी साधारण एक युरो पडतो, म्हणून मुलांना गाडीतच उरकून उतरवा.